विमान चुकलं म्हणून

सँडी कोफॅक्स या अमेरिकन डावखुऱ्या पिचरची, म्हणजे बेसबॉलमधल्या बॉलरची, एक गोष्ट बेसबॉलवाले न थकता सांगतात. मार्च १९६१, फ्लोरिडातलं ओरलँडो, सीझन सुरू व्हायच्या आधीची सराव मॅच आणि तीही त्याच्या टीमची, डॉजर्सच्या बी टीमची, म्हणजे जिला कोणी फारसं विचारत नाही अशी. कोफॅक्स पिचिंगला येतो, पहिल्या तिघांना एकही धड बॉल न टाकता फुकटात बेसवर पाठवतो, तिन्ही बेस भरलेले, आणि मग कॅचर (आपल्या विकेटकीपरसारखा) नॉर्म शेरी चालत त्याच्यापाशी येऊन सांगतो की बाबा रे, इतक्या जोरात नको टाकूस, जरा दमाने घे, मारू देत त्यांना, मागे फील्डर कशाला उभे केलेत. कोफॅक्स ऐकतो. पुढचे तिघं स्ट्राइकआउट, म्हणजे बॉल मारता न येताच आउट. आणि तिथून जो पिचर सुरू होतो त्याला पुढची सहा वर्षं कोणी धड खेळू शकत नाही.

गोष्ट छानच आहे. आपल्याला तर अशा गोष्टी फारच आवडतात, गुरूने कानात मंत्र सांगितला की शिष्य तरला. आणि घडलंय ते खरंच, त्यात खोटं काही नाही. पण मला त्या दिवसातला दुसराच तपशील जास्त महत्त्वाचा वाटत आलाय, जो सांगणारे गंमत म्हणून सांगतात आणि पुढे जातात. त्या मॅचला कोफॅक्सबरोबर एड पामक्विस्ट नावाचा अजून एक पिचर पण टाकणार होता. त्याचं विमान चुकलं. त्यामुळे कोफॅक्सला आधीच सांगून ठेवलेलं की आज निदान सात इनिंग्ज तुलाच टाकायच्यात, दुसरं कोणी नाहीये. इनिंग म्हणजे इथे समोरचे तिघं आउट होईपर्यंतची पाळी, मॅचमध्ये अशा नऊ, आणि एकेक आउट म्हणजे ⅓ इनिंग.

आता बघा, तिन्ही बेस भरलेत, एकही आउट नाही, आणि तरी तुम्हाला माहितीये की आज तुम्हाला कोणी बाहेर काढणार नाही कारण काढून आणणार कोणाला. अशा वेळी "जरा हळू टाकून बघू" हा विचार परवडतो. डॉजर्समध्ये येऊन सहा सीझन झाले होते त्याला, आणि मला नाही वाटत अशी निवांत चूक करायची सोय त्याला त्याआधी फार वेळा मिळाली असेल.

जरा मागे जाऊन सांगतो, कारण आपल्याकडे बेसबॉल म्हटलं की बहुतेकांना फक्त ती जाड बॅट आठवते. मी स्वतः हा खेळ शिकलो तो अमेरिकेत प्रोजेक्टवर असताना, संध्याकाळी करायला काही नसायचं म्हणून हॉटेलच्या टीव्हीवर. पिचर उभा असतो तिथून बॅटरपाशी असलेली होम प्लेट ६० फूट ६ इंच लांब, आपलं क्रिकेटचं पिच ६६ फुटी, म्हणजे अंतर साधारण तेवढंच. पण टप्पा नाही, सगळाच फुलटॉस, आणि रनअप पण नाही, जागेवरून. प्लेट १७ इंच रुंद. त्या रुंदीत, बॅटरच्या गुडघ्यापासून वर छातीपर्यंतच्या चौकोनात बॉल गेला आणि त्याने सोडला तर स्ट्राइक, तीन स्ट्राइक झाले की आउट. चौकोनाबाहेर गेला आणि त्याने सोडला तर नुसता बॉल, आणि असे चार झाले की बॅटर बॅट टाकून आरामात पहिल्या बेसवर चालत जातो, त्याला म्हणतात वॉक. वाइडला आपण एक रन देऊन सुटतो. इथे प्रत्येक वॉक म्हणजे एक माणूस बेसवर, असे तीन झाले की चौथ्या वॉकला पहिला माणूस पुढे ढकलला जाऊन परत प्लेटवर येतो, म्हणजे रन. नुसता वेग असून भागत नाही ते यासाठी. बॅटरला नुसतं उभं राहायचंय, बाकी सगळी वाट पिचर स्वतःच लावून घेतो.

कोफॅक्सकडे वेग होता आणि तो चौकोन मात्र सापडत नव्हता.

जन्म ३० डिसेंबर १९३५, ब्रुकलिन. आणि मुळात हा बेसबॉलवाला नव्हताच, बास्केटबॉलवाला. लाफायेट हायस्कूलच्या बेसबॉल टीममध्ये खेळायचा तो फर्स्ट बेसवर, पिचर होता त्याचा मित्र फ्रेड विल्पॉन, तोच जो पुढे न्यूयॉर्क मेट्सचा मालक झाला. कोफॅक्सचा हात जोरदार आहे हे गल्लीतल्या लीगच्या एका कोचच्या लक्षात आलं आणि त्याने पोराला पिचिंगला लावलं, तोपर्यंत वय सतराच्या आसपास. हे वय लक्षात ठेवायला पाहिजे, कारण बाकीची पोरं नवव्या-दहाव्या वर्षापासून टाकत असतात. सिनसिनाटी युनिव्हर्सिटीत गेला तोही बास्केटबॉलसाठी, आणि १९५४ च्या वसंतात तिथल्या बेसबॉल टीमकडून ३२ इनिंग्ज टाकल्या. त्यात ५१ स्ट्राइकआउट आणि ३० वॉक. त्याचं पुढचं सगळं भविष्य या दोन आकड्यांत लिहिलेलं आहे, फक्त कुठला आकडा खरा हे कोणालाच कळायला मार्ग नव्हता.

मग ट्रायल्स. जायंट्सच्या पोलो ग्राउंड्सवर बॉल कुठल्या कुठे गेले, त्यांनी परत बोलावलंच नाही. पिट्सबर्ग पायरेट्सच्या ट्रायलला त्याच्या बॉलने कोच सॅम नॅरनचा अंगठाच मोडला, आणि पायरेट्सचा सर्वेसर्वा ब्रँच रिकी त्या हातावर बेहद्द खूश झाला, पण ऑफर द्यायला उशीर केला. तोवर डॉजर्सच्या एबेट्स फील्डवर स्काउट (नवीन खेळाडू हुडकणारा) अल कॅम्पॅनिस स्वतः बॅटरच्या जागी उभा राहून त्याचे बॉल बघत होता. कॅम्पॅनिसने नंतर सांगितलं की आयुष्यात दोनदाच अंगावर काटा आला, एकदा सिस्टीन चॅपेलचं छत बघताना आणि एकदा कोफॅक्सचा फास्टबॉल बघताना. स्काउट लोकांचं बोलणं थोडं वाढवून असतं हे धरूनसुद्धा, एवढं कोणी उगाच बोलत नाही.

डॉजर्सने ६००० डॉलर पगार आणि वर १४००० डॉलर बोनस दिला. पोराचा हिशोब साधा होता, बेसबॉल नाही जमलं तर बोनसच्या पैशात कॉलेज पूर्ण करू. आर्किटेक्ट व्हायचं डोक्यात होतं.

आणि इथेच घोळ झाला, आणि घोळ त्या पैशामुळेच झाला.

त्या काळी मेजर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगमध्ये, एक नियम होता. नवीन पोराला ४००० डॉलरच्या वर बोनस दिला तर त्याला दोन वर्षं मोठ्या टीममध्येच ठेवायचं, खाली मायनर लीगमध्ये शिकायला पाठवता येणार नाही. अशा पोरांना बोनस बेबी म्हणायचे, आणि त्यात जरा कुत्सितपणा होताच. नियमामागचा विचार असा की श्रीमंत टीम्सनी पैसे फेकून सगळी चांगली पोरं गोळा करून खाली साठवून ठेवू नयेत. विचार वाईट नाही. पण शिक्षा कोणाला झाली तर त्या पोराला. एकोणीस वर्षांचा मुलगा, ज्याने कॉलेजात जेमतेम ३२ इनिंग्ज टाकल्यात, ज्याला अजून पाय कुठे टाकायचा हे नीट माहीत नाही, त्याला थेट सगळ्यात वरच्या टीममध्ये आणून बसवला. बसवला हे अगदी अक्षरशः.

त्याच्यासाठी जागा करायला १९५५ च्या जूनमध्ये डॉजर्सनी दुसऱ्या एका डावखुऱ्या पिचरला खाली माँट्रियलला धाडलं, त्याचं नाव टॉमी लासोर्डा. लासोर्डा पुढे आयुष्यभर हे चवीने सांगायचा की मला टीमबाहेर काढायला जगातला सगळ्यात भारी डावखुरा लागला. १९५५ च्या जूनमध्ये मात्र हा विनोद नव्हता. जो टाकू शकत होता तो खाली गेला आणि ज्याला शिकायचं होतं तो वर आला, दोघंही चुकीच्या जागी.

पहिली मॅच २४ जून १९५५, मिलवॉकी ब्रेव्ह्जविरुद्ध, डॉजर्स ७-१ ने मागे, पाचवी इनिंग, म्हणजे हरलेल्या मॅचमध्ये पोराला जरा पाणी दाखवून आणू अशी वेळ. पहिला बॅटर जॉनी लोगन, त्याचा साधा लोंबकळता फटका पण पडला मोकळ्या जागेत. मग एडी मॅथ्यूजने बंट केला, म्हणजे बॅट नुसती टेकवून बॉल जवळच पाडला, कोफॅक्सने बॉल उचलला आणि फेकला तो थेट सेंटर फील्डात. मग हँक आरनला चार बॉलमध्ये वॉक. बेस भरले. समोर बॉबी थॉमसन, आणि त्याला तीन बॉल दोन स्ट्राइक अशा अवस्थेत सगळा जीव लावून फास्टबॉल टाकला आणि तो स्ट्राइकआउट.

बघणाऱ्याला वाटेल वा, काय सुरुवात. कोफॅक्सला मात्र मागे वळून बघताना वाटलं की त्या दिवशी याहून वाईट काही घडू शकलं नसतं. कारण डोक्यात पक्कं बसलं की अडकलो की जोरात टाकायचं, अजून अडकलो की अजून जोरात. पुढची पाच-सहा वर्षं तो तेच करत बसला.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ त्यावरच अडकलो होतो. अपयशातून चुकीचा धडा घेणारे आपण ढिगाने बघतो, यशातून घेतलेला चुकीचा धडा ओळखायला कोण येणार? तो यशस्वी झालेला असतो ना! तुम्हाला कोणी अडवत नाही, उलट पाठ थोपटतात.

आणि हा धडा मोडून काढायला काय लागलं असतं, तर भरपूर मॅचेस. जोरात टाकून दहापैकी आठ वेळा मार बसतोय हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसायला दहा वेळा तरी मिळायला पाहिजेत. ते त्याला मिळाले नाहीत. ६ जुलैला पहिल्यांदा सुरुवातीपासून टाकायला मिळालं, ४⅔ इनिंग्जमध्ये आठ वॉक, झालं, पुढचा स्टार्ट जवळजवळ दोन महिन्यांनी. २७ ऑगस्टला सिनसिनाटीविरुद्ध आला आणि पूर्ण मॅच टाकून फक्त दोन हिट (फटका मारून बेस गाठणं) दिले, १४ स्ट्राइकआउट, ७-० ने जिंकला. सप्टेंबरमध्ये पिट्सबर्गला पण शून्यावर ठेवलं. त्या वर्षी तो फक्त दोनच मॅच जिंकला आणि दोन्ही मॅचमध्ये समोरच्या टीमला एकही रन नाही. तरीसुद्धा अख्ख्या सीझनमध्ये मिळून ४१⅔ इनिंग्ज. मायनर लीगमधला पोरगा एवढ्या इनिंग्ज एका महिन्यात टाकून मोकळा होतो.

पुण्यात आयटीत काढलेल्या माणसाला बेंच काय असतो ते वेगळं सांगायला नको. आमच्या बॅचमधला एक जण होता, कॉलेजमध्ये सगळ्यात हुशार, मोठ्या पॅकेजवर घेतलेला, आणि घेतल्यावर त्याला प्रोजेक्टच नाही. पगार वेळेवर, कॅन्टीन चकाचक, ऑनलाइन ट्रेनिंगच्या सर्टिफिकेटांची चळत, आणि मधूनच कधीतरी कोणीतरी सुट्टीवर गेलं म्हणून दोन दिवसांसाठी एखाद्या क्लायंट कॉलवर बसवायचे. आणि हा पठ्ठ्या त्या अर्ध्या तासात त्याला येणारं सगळंच्या सगळं बोलून टाकायचा. विचारलेलं एक, हा सांगणार सात. सगळे म्हणायचे अरे शांतपणे बोल ना जरा. कसा बोलणार, पुढचा कॉल कधी येणार हेच माहीत नाही त्याला. कोफॅक्सचे ते फास्टबॉल मला त्याच्यामुळे कळतात. महिना-दीड महिन्यातून एकदा हातात बॉल मिळाला की माणूस एकाच बॉलमध्ये सगळं सिद्ध करायला जाणार, आणि पिचिंगमध्ये तर आखडलेल्या हाताने जोर लावला की बॉल वरच जातो.

मॅनेजर वॉल्टर आल्स्टनला याबद्दल लोक अजून शिव्या घालतात. मला त्याची बाजू थोडी कळते. हा माणूस डॉजर्सकडे २३ वर्षं मॅनेजर होता आणि दरवेळी करार एकाच वर्षाचा. दर वर्षी नव्याने पास व्हायचं. आणि टीम कुठली, तर जी वर्ल्ड सीरिजला, म्हणजे सीझनच्या अंतिम लढतीला, पोचते आणि यांकीजकडून मार खाऊन परत येते, १९४१, ४७, ४९, ५२, ५३, दरवेळी तेच. हाताशी डॉन न्यूकॉम्ब, कार्ल अर्स्किन, जॉनी पॉड्रेस असे तयार पिचर. अशात कोण शहाणा माणूस सप्टेंबरच्या मॅचमध्ये बॉल एका अशा पोराच्या हातात देईल ज्याचा चौथा बॉल कुठे जाईल हे त्यालाही ठाऊक नाही? एक वर्षाच्या करारावरचा माणूस दुसऱ्याच्या पाच वर्षांनंतरच्या भल्याचा विचार करत नसतो, त्याला तेवढे पगारच दिलेले नसतात.

आणि १९५५ ला डॉजर्स जिंकले. ब्रुकलिनचं पहिलं आणि शेवटचं विजेतेपद. ४ ऑक्टोबर, सातवी मॅच, पॉड्रेसने यांकीजला शून्यावर ठेवून २-० ने जिंकून दिली. सगळं ब्रुकलिन रस्त्यावर. कोफॅक्सने त्या सीरिजमध्ये एकही बॉल टाकला नव्हता, आणि मॅच संपल्यावर तो गाडी काढून कोलंबिया युनिव्हर्सिटीत गेला, संध्याकाळी आर्किटेक्चरचा क्लास होता म्हणून. मला यात नम्रता वगैरे काही दिसत नाही, जशी ही गोष्ट नेहमी रंगवतात. उत्सव त्याचा नव्हताच फारसा. क्लासला निदान हजेरी तरी लागते.

१९५६ त्याहून वाईट. ५८⅔ इनिंग्ज, दोन जिंकल्या चार हरल्या. हिवाळ्यात त्याला पोर्टो रिकोला खेळायला पाठवलं. मे १९५७ मध्ये बोनसवाल्या नियमाची मुदत संपली, आता त्याला खाली पाठवता येणार होतं, आणि दुसऱ्याच दिवशी आल्स्टनने त्याला शिकागो कब्जविरुद्ध उतरवला, बहुधा एकदाचं काय ते बघूनच घेऊ म्हणून. १३ स्ट्राइकआउट, पूर्ण मॅच. आता कुठे त्याला नियमित फिरतीत (आळीपाळीने मॅच सुरू करणाऱ्या पिचरांमध्ये) घेतलं, दोन आठवडे. त्यात पण बरं टाकत होता हो! आणि मग पुढचा स्टार्ट ४५ दिवसांनी. इथे आल्स्टनबद्दलची माझी सगळी सहानुभूती संपते. नियमाचं कारण आता उरलं नव्हतं. खाली पाठवायचं नाही, वर खेळवायचं नाही, हे नेमकं काय चाललं होतं ते त्यांचं त्यांना ठाऊक.

त्या वर्षी २९ सप्टेंबरला सीझनच्या शेवटच्या मॅचमध्ये एक इनिंग टाकायला त्याला पाठवलं, आणि अशा रीतीने ब्रुकलिन डॉजर्स या नावाने शेवटचा बॉल टाकणारा पिचर तो ठरला. मग टीम गेली लॉस एंजेलिसला.

आता माझ्या म्हणण्याला एक खोड आहे आणि ती मीच सांगतो, नाहीतर कोणी ना कोणी सांगेलच. इनिंग्ज मिळाल्या की सुधारला असता म्हणता, तर मग १९५८ चं काय? त्या वर्षी त्याला २६ स्टार्ट मिळाले, १५८⅔ इनिंग्ज. आणि त्यात १०५ वॉक, शिवाय १७ वाइल्ड पिचेस, म्हणजे कॅचरला सुद्धा न सापडलेले बॉल, लीगमध्ये सगळ्यात जास्त. सुरुवात ७-३ (सात जिंकल्या, तीन हरल्या) अशी जोरात करून मग घोटा दुखावला आणि शेवट ११-११ वर. १९५९ मध्ये ८-६, १९६० मध्ये ८-१३.

खरंय. पण एकोणीस ते एकवीस या वयात मायनर लीगमध्ये जे करायचं असतं ते तो बावीस ते चोवीस या वयात करत होता, फरक एवढाच की खाली चारशे-पाचशे लोकांसमोर न करता लॉस एंजेलिस कोलिझियममध्ये करत होता, जिथे डावीकडची भिंत जेमतेम २५१ फुटांवर, वर जाळी लावलेली, कुठलाही साधा उंच फटका होम रन, म्हणजे आपला सिक्सर, व्हायची भीती. शिकण्यासाठी यापेक्षा वाईट मैदान शोधून सापडलं नसतं. आणि त्यातही मधेच असे दिवस यायचे की वाटावं हा माणूस वेगळाच आहे. ३१ ऑगस्ट १९५९ ला जायंट्सविरुद्ध एका मॅचमध्ये १८ स्ट्राइकआउट, बॉब फेलरच्या विक्रमाशी बरोबरी. त्याच वर्षी वर्ल्ड सीरिजची पाचवी मॅच, ९२,७०६ प्रेक्षक, सात इनिंग्ज टाकून एकच रन दिला, तोही डबल प्ले (एकाच बॉलवर दोघं आउट) होत असताना नेली फॉक्स होम प्लेटवर पोचला म्हणून, आणि मॅच हरला १-० ने. अशा माणसाला तुम्ही काय सांगणार? चांगला आहेस सांगावं तर ८-१३. वाईट आहेस सांगावं तर १८ स्ट्राइकआउट.

१९६० मध्ये त्याने जनरल मॅनेजर बझी बवासीकडे जाऊन सरळ सांगितलं की मला खेळवत नसाल तर दुसऱ्या टीमला देऊन टाका. नाही दिलं. सीझन संपला तेव्हा सहा वर्षांचा एकूण हिशोब ३६ जिंकल्या, ४० हरल्या. वय पंचवीस होत आलेलं, एका इलेक्ट्रॉनिक्सच्या धंद्यात पैसे गुंतवलेले. शेवटच्या मॅचनंतर त्याने हातमोजे आणि स्पाइक्स कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि निघून गेला. क्लबहाउस सांभाळणाऱ्या नोब कावानोने ते गुपचूप उचलून ठेवले, पुढच्या वर्षी लागले तर असावेत म्हणून. कावानोला काय दिसलं होतं कोण जाणे. कदाचित काहीच नाही, चांगल्या वस्तू टाकवत नाहीत काही लोकांना, आमच्या आजीला रबरबँड टाकवायचे नाहीत.

त्या हिवाळ्यात कोफॅक्सने पहिल्यांदाच मनापासून पळायला वगैरे सुरुवात केली. आपण नक्की किती चांगले आहोत हे एकदा बघून तरी घेऊ, मग सोडू, असं काहीसं. वसंतातल्या कॅम्पमध्ये केनी मायर्स नावाच्या स्काउटने एक अगदी बारीक गोष्ट पकडली, की हा हात मागे नेताना अंग इतकं मागे झुकवतो की टाकायच्या आधी त्याला निशाणाच दिसत नाही. म्हणजे सहा वर्षं हा माणूस बऱ्यापैकी अंदाजाने टाकत होता! सहा वर्षांत हे कोणाला दिसलं नाही यावर विश्वास ठेवायला जड जातं, पण जो पिचर दीड महिन्यातून एकदा टाकतो त्याच्या सवयी बघणार तरी कोण आणि कधी.

आणि मग ओरलँडो. पहिल्या तिघांना वॉक, शेरीचं बोलणं, पुढचे तिघं स्ट्राइकआउट, आणि सात इनिंग्ज टाकून झाल्या तेव्हा समोरच्या मिनेसोटा ट्विन्सना एकही हिट नाही. शेरीला श्रेय द्यायलाच पाहिजे, कॅचर असूनही इतकं सरळ आणि वेळेवर बोलणारे कमी असतात. पण "जोर कमी कर" हे वाक्य कोफॅक्सने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं असेल असं मला अजिबात वाटत नाही. सहा वर्षांत कोचपासून बॉलबॉयपर्यंत कोणी ना कोणी बोललं असणारच, ते तर प्रेक्षकालाही दिसत होतं. त्या दिवशी फक्त असं झालं की सल्ला ऐकून बघायला पुढे भरपूर वेळ होता. फसला असता तर दुसऱ्या इनिंगमध्ये परत प्रयत्न, तिसऱ्या इनिंगमध्ये परत.

आणि यातला गंमतीचा भाग असा की जोर कमी केल्यावर वेग फारसा कमी झालाच नाही, हात सैल पडल्यामुळे बॉल जायचा तसाच जात होता, फक्त आता जिथे पाठवायचा तिथे जात होता.

१९६१ मध्ये त्याला ३५ स्टार्ट मिळाले. २५५⅔ इनिंग्ज, १८-१३, आणि २६९ स्ट्राइकआउट, ज्याने क्रिस्टी मॅथ्यूसनचा १९०३ पासूनचा २६७ चा नॅशनल लीग (डॉजर्सची लीग) विक्रम मोडला. वॉक ९६. तीन वर्षांपूर्वी शंभरेक इनिंग्ज कमी टाकून १०५ वॉक दिलेले त्याने. १९६३ मध्ये ३११ इनिंग्जमध्ये फक्त ५८. पुढचं सगळं, चार नो-हिटर (एकही हिट न दिलेल्या मॅच), १९६५ चा परफेक्ट गेम (एकही बॅटर बेसवर पोचला नाही अशी मॅच), योम किपूर या ज्यूंच्या पवित्र दिवशी वर्ल्ड सीरिजची मॅच न खेळणं, सुजलेलं कोपर, १९६६ मध्ये तिसाव्या वर्षी ऐन भरात निवृत्ती, ते कुठेही वाचायला मिळेल, मला त्यात पडायचं नाही.

मला त्याच्या शेजारी ठेवून बघावासा वाटतो तो डॉन ड्रायस्डेल. कोफॅक्सपेक्षा जवळजवळ सात महिन्यांनी लहान, त्याच डॉजर्सने त्याच १९५४ मध्ये घेतलेला, पण बोनसच्या नियमात न अडकलेला. त्यामुळे तो आधी बेकर्सफील्डला गेला, १९५५ ला माँट्रियलला गेला, तिथे नियमित टाकलं, मार खाल्ला, शिकला आणि १९५६ ला वर आला. १९५७ मध्ये १७ मॅच जिंकला. त्याच वर्षी त्याच मॅनेजरच्या हाताखाली, त्याच कपड्यांच्या खोलीत, कोफॅक्स ४५ दिवस पुढच्या स्टार्टची वाट बघत होता. दोघांमध्ये कोणाचा हात जास्त चांगला होता याबद्दल आता तरी कोणाचं दुमत नाही.

उलट बाजूने म्हणणारे म्हणतात की मायनर लीगमध्ये गेला असता तर तिथेच कुजला असता, तिथे असे फास्टबॉल टाकून हात मोडून घेतलेले शेकड्यांनी पडलेत. असेलही. बोनस नियमामुळे वर अडकून राहिलेल्या पोरांमधून हार्मन किलब्रूसारखा एखादा निघालाही पुढे मोठा, बाकी बहुतेकांची नावं सुद्धा आता कोणाला आठवत नाहीत. कोफॅक्सचं आठवतं म्हणून त्याच्या पहिल्या सहा वर्षांना आपण संघर्षाचा काळ म्हणतो. मार्च १९६१ च्या आधी त्यांना असं काही म्हणत नसत, ती नुसती वाया गेलेली वर्षं होती.

लासोर्डाचं पुढे असं झालं की मेजर लीगमध्ये पिचर म्हणून तो एकही मॅच जिंकला नाही, चार हरला, तेवढंच. पण १९७६ मध्ये आल्स्टन निवृत्त झाल्यावर डॉजर्सचा मॅनेजर तोच झाला आणि वीस वर्षं राहिला, दोन वर्ल्ड सीरिज जिंकला. आणि त्याच्या या काळात, १९७९ मध्ये, डॉजर्सने कोफॅक्सला परत कामावर घेतलं, मायनर लीगमधल्या पोरांना पिचिंग शिकवायला. आयुष्यात मायनर लीगची एकही मॅच न टाकलेला हा माणूस १९९० पर्यंत तेच काम करत होता.